पालकांच्या कानी : एका खासगी पॉडकास्टविषयी
(तालुक्यातील केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक व शिक्षक यांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकारी यांनी दिलेल्या भाषणाचा पाठ)



गेल्या पावसाळ्यापासून दर पंधरवड्यास दहा मिनिटांचे एक भाषण ध्वनिमुद्रित करून मी पालकांकडे पाठवीत असते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्याचा विषय एकच : घरातील मूल, घरातील मोबाईल आणि समाजमाध्यमे. अशा भाषणमालेस आजच्या व्यवहारात पॉडकास्ट म्हणतात. तो कसा सुरू केला, का सुरू केला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे आपणांपुढे मांडावे अशी सूचना झाली, म्हणून मी उभी आहे. निष्पन्न काय झाले हे सांगण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. तेव्हा पहिल्या दोन गोष्टींविषयीच बोलेन, आणि ओघात आपणां सर्वांस थोडे टोचेल असेही काही सांगेन.

प्रथम एक खुलासा. हा उपक्रम जिल्हा परिषदेचा नव्हे. तो माझा खासगी आहे, घरच्या वेळेत आणि पदरच्या खर्चाने चालतो. आपण सेवक आहोत आणि आपल्या वर्तणुकीस नियम आहेत. जिल्हा परिषद सेवकांचे वर्तणूक नियम तर १९६७ पासूनचे आहेत. शिवाय जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी स्वतंत्र सूचना दिल्या आणि खासगी खाते व कार्यालयीन खाते वेगवेगळे ठेवण्यास सांगितले. म्हणून वरिष्ठांची लेखी अनुमती घेऊन मगच आरंभ केला. प्रत्येक भागाच्या प्रारंभी 'ही माझी वैयक्तिक मते आहेत' असे मी सांगते आणि आपल्या पदाचा उल्लेख करीत नाही. आपणांपैकी कोणास असे काही करावयाचे असेल, तर हे सोपस्कार आधी उरकावेत, हे उत्तम.

आता पॉडकास्ट म्हणजे काय? नभोवाणीवरील भाषण ठरलेल्या वेळी लागते; ती वेळ हुकली की भाषण हुकले. पॉडकास्टचा भाग साठवून ठेवलेला असतो. ऐकणाऱ्याने सवडीने तो लावावा, थांबवावा, पुन्हा लावावा. 'पॉडकास्ट' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन' या इंग्रजी वृत्तपत्रातील बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात प्रथम छापला गेला. अ‍ॅपल कंपनीच्या आयपॉड या खिशात मावणाऱ्या यंत्राचे नाव आणि प्रक्षेपण या अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा तो जोड आहे. ते यंत्र तयार करणे कंपनीने २०२२ मध्ये थांबविले. शब्द मात्र राहिला. आपल्याकडे त्यास सर्वमान्य मराठी प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. मी तो सुचविण्याच्या भरीस पडले नाही. गावातील बाया त्यास 'बाईंचा आवाज आला' असे म्हणतात, तेवढे मला पुरे आहे.

परंतु कानांवाटे प्रौढांस शिकविण्याची कल्पना नवी नव्हे, आणि तिचे एक मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे दीडशे गावे निवडली होती. प्रत्येक गावी वीसच्या आसपास माणसांचे एक मंडळ, त्यास एक अध्यक्ष व एक चिटणीस. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळी तो एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका व निर्णय केंद्राकडे कळविले जात. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाची पाहणी केली. पाहणी करणाऱ्यांनी केवळ मंडळांचीच गावे पाहिली नाहीत. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशीही गावे तुलनेस घेतली. मंडळाच्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ आढळली, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती.

मी या उदाहरणापाशी थोडी रेंगाळते, याचे कारण माझ्या साऱ्या खटाटोपाचे मर्म त्यात आहे. आवाज घरोघर पोहोचविणे सोपे. आज तर ते अतिशयच सोपे झाले आहे. पण ऐकून झाल्यावर चार माणसे एकमेकांकडे तोंड करून बसली नाहीत, तर ऐकलेले वाऱ्यावर जाते. म्हणून माझा भाग किती जणांनी उघडला हा आकडा मी पाहत नाही. किती गावांत माता-पालक गटाने तो एकत्र बसून ऐकला, एवढेच विचारते. सध्या अशी गावे अकरा आहेत. अकरा हा आकडा लहान आहे. पण त्या गावांतून मला जे प्रश्न येतात, तसे प्रश्न पालकसभेच्या इतिवृत्तांत मला कधी वाचावयास मिळाले नाहीत.

लेखी पत्रकाऐवजी आवाजच का, असेही मला विचारण्यात आले. उत्तर आपल्या अनुभवातच आहे. पालकांसाठी काढलेले पत्रक मुलाच्या दप्तरातून घरी जाते आणि बहुधा दप्तरातच जिरते. ज्या आईस ते वाचावयाचे तिचे हात सायंकाळी रिकामे नसतात : भाकरी थापणे, धारा काढणे, भांडी घासणे. कान मात्र रिकामे असतात. पूर्वी मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या कार्यक्रमातील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घरोघर इतक्या ओळखीच्या झाल्या, त्याचे एक कारण हेच असावे. घरातील कामे न सोडता ते ऐकता येत असे, आणि त्यांत उपदेश असला तरी तो घरच्या माणसाच्या बोलण्यातून येई.

पालकांस शिकविणे हे बालशिक्षणाचेच अर्धे अंग आहे, ही दृष्टी आपणांस गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी दिली. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून गिजुभाई मुलांबरोबर काम करीत होते, आणि त्याच वेळी मातापित्यांसाठी पुस्तकांमागून पुस्तके लिहीत होते. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीतून चालविली, ती केवळ शिक्षकांसाठी नव्हे. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघांनी अंगणात भरणारी बालवाडी उभी केली. तेथेही मुलाच्या आधी त्याच्या घराशी बोलावे लागे. मूल रडले की त्याच्या हाती काहीतरी देऊन गप्प करावयाचे, ही खोड त्या काळीही होती. त्या वेळी हाती खाऊ येई. आज मोबाईल येतो. फरक इतकाच की खाऊ संपत असे.

हा 'संपण्याचा' मुद्दा मी पालकांस पहिल्याच भागात सांगितला, आणि तो सर्वांत अधिक पटला असे दिसते. वर्तमानपत्रास शेवटचे पान असते. कीर्तनास आरती असते. समाजमाध्यमाच्या पडद्यास तळ नाही. बोटाने वर सरकवीत राहावे आणि खालून नवे येत राहावे, ही युक्ती २००६ च्या सुमारास अझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने काढली, आणि पुढे तिचे परिणाम पाहून त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला. पुढच्या क्षणी काय निघेल ते ठाऊक नसणे आणि आपल्याला किती जणांनी वाखाणले हे मोजता येणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रौढ माणसासही हात आवरत नाही. मग दहा वर्षांच्या पोराने तो आवरावा अशी अपेक्षा धरून त्यास 'बेशिस्त' म्हणणे अन्यायाचे नाही काय? मुलाचा दोष नाही, यंत्राची रचनाच तशी आहे, हे आईबापांस समजले की घरातील आरडाओरड निम्मी कमी होते, असे मला चार-पाच घरांतून सांगण्यात आले आहे.

एका मुख्याध्यापक बंधूंनी मला खोचकपणे विचारले, "बाई, मोबाईलविषयी सावध करण्याचे भाषण तुम्ही मोबाईलवरूनच देता. हे गुत्त्यात बसून दारूबंदीचे व्याख्यान देण्यासारखे झाले." आक्षेप मार्मिक आहे आणि मी त्यास हसण्यावारी नेत नाही. माझे म्हणणे इतकेच की, आवाज डोळ्यांस धरून ठेवीत नाही आणि माझा भाग दहा मिनिटांनी संपतो. तो संपल्यावर दुसरे काही आपोआप सुरू होऊ नये म्हणून मी तो चलच्चित्रांच्या संकेतस्थळावर ठेवीतच नाही. ध्वनिफीत सरळ वर्गाच्या पालकगटावर जाते. गटात बाया एकत्र बसतात तेव्हा कोणा एकीचा मोबाईल लहानशा ध्वनिवर्धकास जोडतात आणि तो पालथा ठेवतात. पालथा ठेवावयाचा, ही माझी अट आहे. तरीसुद्धा आक्षेपाचा काही अंश उरतोच, आणि तो उरावा. तो विसरला की आपलेही लक्ष 'किती जणांनी ऐकले' या आकड्याकडे वळेल.

आता काय सांगावे याविषयी. मी भीती घालीत नाही. भीतीने बाप मोबाईल हिसकावतो, तो तीन दिवस कपाटावर राहतो आणि चौथ्या दिवशी स्वतःच परत देतो. मी माहिती देते आणि आकडे थोडकेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी मर्यादा सांगितल्या; भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये आपल्या देशासाठी सांगितल्या. दोन वर्षांखालील मुलास पडदा मुळीच नको. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. पाच ते दहापर्यंत दोन तासांच्या आत. पूर्व-प्राथमिक आणि प्राथमिक शाळेतील पालकांस एवढे पुरे आहे. शिक्षकांसाठी आणखी एक आकडा सांगते. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांस स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. 'ऑनलाईन अभ्यासाला लागतो' हे वाक्य मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच घरोघर पोहोचविले. ते तेव्हा खरे होते. आज ते किती खरे उरले, हे त्या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

गावांनी काय करावे, याची दोन उदाहरणे मी एका भागात दिली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि त्यानंतरचा दीड तास गावातील दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचे गावाने ठरविले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्शी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला आणि दंडही ठेवला. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. मला स्वतःला वडगावचा मार्ग अधिक समंजस वाटतो, आणि त्याचे कारण साधे आहे : भोंगा वडीलधाऱ्यांसाठीही वाजतो. जेथे बाप ओसरीवर बसून क्रिकेट पाहतो आणि मुलास 'आत जाऊन अभ्यास कर' म्हणतो, तेथे कोणताही ठराव टिकणार नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यासच कायद्याने मनाई केली आणि ती पाळण्याची जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. त्याचा परिणाम काय होतो ते दिसेलच.

तथापि सर्वांस एकच माप लावता येत नाही, हे मला एका प्रश्नाने शिकविले. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर जातात. मुले आजीपाशी राहिली तर शाळा सुटत नाही, म्हणून आपणच 'मुलांना मागे ठेवा' असे आग्रहाने सांगतो. अशा एका आजीने गटातील शिक्षिकेकडून मला निरोप पाठविला : "तुम्ही म्हणता लहान लेकराला मोबाईल दावू नका. माझी नात दीड वर्षाची हाय. तिची माय फडावर हाय. रातच्याला मोबाईलमधी मायचं तोंड दिसतं तवा ती निजती. ते बी बंद करू का?" मी पुढच्या भागात आधी त्या प्रश्नाचे उत्तर दिले. बंद करू नये. बालरोगतज्ज्ञांनीदेखील जवळच्या नातलगांशी अधूनमधून होणारे समोरासमोरचे बोलणे आपल्या मनाईतून वगळले आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या घरात मोबाईल हे करमणुकीचे साधन नसून माय आणि लेकरू यांच्यामधील एकमेव पूल आहे. बोलणे संपल्यावर मोबाईल आजीच्या कनवटीस जावा, नातीच्या हाती राहू नये, एवढेच मी सुचविले. पालकांशी बोलणाऱ्याने आपल्या मनासमोर चौकोनी घर, दोन नोकरदार आईबाप आणि अभ्यासाचे टेबल आणू नये.

येथून मी त्या टोचणाऱ्या भागाकडे येते.

पॉडकास्ट सुरू करताना पुष्कळांनी प्रेमाने सुचविले की, त्यात मुलांचे आवाज घ्या. चिमुरड्यांच्या कविता, त्यांच्या गमती घ्या. लोक आवडीने ऐकतील. लोक ऐकतील हे खरेच. तथापि मी आरंभीच ठरविले की, माझ्या कोणत्याही भागात मुलाचा आवाज, नाव, गाव वा शाळा येणार नाही. आईबापांनी संमती दिली तरी येणार नाही. माझ्या नातवंडांचाही उल्लेख येणार नाही. कारण आवाज एकदा बाहेर गेला की तो परत बोलावता येत नाही, आणि ज्याचा तो आहे त्यास अद्याप 'नको' म्हणण्याची समज आलेली नाही.

बंधुभगिनींनो, हीच कसोटी आपण आपल्या शाळांस लावून पाहू. पाढा म्हणताना अडखळणारा मुलगा, गृहपाठ न केल्याची भाबडी सबब सांगणारी मुलगी, 'मोठेपणी कोण होणार' याचे हास्यास्पद उत्तर देणारे पोर, यांची चलच्चित्रे वर्गातून निघून लाखो लोकांपर्यंत जातात, हे आपण रोज पाहतो. काढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पुष्कळदा मुलावर मायाच असते. पण पाहणारे कशास हसतात? ते त्या मुलाच्या चुकण्यास हसतात. शाळा ही चुकण्याची हक्काची जागा आहे. मूल येथे चुकले नाही तर कोठे चुकावे? ती जागाच आपण चव्हाट्यावर आणली, तर उद्यापासून ते मूल हात वर करणार नाही. माझ्या माहितीतील एका शाळेत चौथीतील एका मुलाचे असे चित्र गावोगाव फिरले. बाजारात माणसे त्यास थांबवून तेच वाक्य पुन्हा म्हणावयास लावू लागली. पहिले चार दिवस त्यास गंमत वाटली. नंतर तो वर्गात बोलेनासा झाला, आणि त्याच्या आईने गटात प्रश्न विचारला : "आम्ही घरी त्याला मोबाईल देत नाही. शाळेनेच त्याला मोबाईलमध्ये घातला. याला काय म्हणायचे?"

या प्रश्नास माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते, आणि आजही आईचे समाधान होईल असे नाही. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कायदा झाला. मुलाच्या प्रतिमेचे रक्षण करणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, आणि त्याच्या वयाप्रमाणे त्याचेही मत घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या देशातही ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे. तिच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे, आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींस मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहेत. पण आपणांस कायद्याच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण काय? वर्गातील मूल चुकले म्हणून त्यास चारचौघांत हसू नये, हे अध्यापक विद्यालयात पहिल्याच वर्षी आपणांस शिकविले होते. 'चारचौघे' आता चार कोटी झाले, एवढेच.

मला याचीही जाणीव आहे की, छायाचित्रांची मागणी पुष्कळदा वरूनच येते. वृक्षारोपण झाले, छायाचित्र पाठवा. जंतनाशक गोळ्या दिल्या, छायाचित्र पाठवा. दिन साजरा झाला, छायाचित्र पाठवा. पुरावा मागणे हा कार्यालयाचा अधिकार आहे. पण कार्यालयास पाठविणे आणि साऱ्या जगास दाखविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माझ्या बीटापुरते मी सांगते : अहवालासाठी मुलांचे चेहरे मला नकोत. लावलेले रोप दाखवा, मुलांचे हात दाखवा, त्यांनी काढलेले चित्र, लिहिलेली पाटी, पाठमोरी रांग दाखवा. जेथे वरिष्ठ आदेशाने चेहरे आवश्यक असतील, तेथे ते त्या कार्यालयाकडेच जावेत, शिक्षकाच्या खासगी खात्यावर जाऊ नयेत. आणि कोणा मुलाचे चित्र वाईट हेतूने फिरते आहे असे आढळले, तर गावात कुजबुजत न बसता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर लगेच कळवावे. हे दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावेत, असे मी सुचविते.

आता थोडे कृतीविषयी, कारण चार-दोन शिक्षिकांनी 'आम्हांसही करावयाचे आहे, पण यंत्रे लागतात ना?' असे विचारले आहे. यंत्रे लागत नाहीत. ज्या मोबाईलवर आपण हजेरी भरतो, त्यावरच होते. जागा मात्र नीट निवडावी. पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो. माजघरात गोधड्यांची चवड असते त्या कोपऱ्यात तो उत्तम येतो, कारण कापड प्रतिध्वनी शोषून घेते. पंखा बंद, मोबाईलचे जाळे बंद, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा धरावा. सरळ धरला तर प, फ, भ ही अक्षरे फटाक्यासारखी वाजतात. पहाटेची वेळ चांगली. मी कोंबडे आरवण्यापूर्वीच बसते. आवाज साध्या प्रतीचा ठेवला, म्हणजे सेकंदास ६४ किलोबिट, तर दहा मिनिटांचा भाग पाच मेगाबाइटच्या आत मावतो आणि डोंगरावरील वाडीतही उतरून घेता येतो. भाषण आधी लिहावे, पण वाचून दाखवू नये. लिहिलेल्यातील प्रत्येक वाक्य आपल्या आईस सांगितले असते तर कसे सांगितले असते, तसे बोलावे. मी आज येथे ज्या भाषेत बोलत आहे, त्या भाषेत तेथे बोलले असते तर अकरा गावे मिळाली नसती. वाड्या-तांड्यांवर तर तेथील बोलीतूनच बोलावे. ती आपणांस येत नसेल तर अंगणवाडीच्या सेविकेस विनंती करावी. माझे दोन भाग अशा सेविकेने गोरमाटीतून केले, आणि ते मूळ भागांपेक्षा सरस उतरले.

पुढील भागाचा विषय 'घास आणि मोबाईल' हा आहे. मोबाईल दाखविल्यावाचून मूल जेवत नाही, ही तक्रार बहुतेक सर्व गावांतून आली आहे. त्यासाठी जेवू घालणाऱ्या आज्यांचे अनुभव मला हवे आहेत. येत्या शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक केंद्राने आपल्या माता-पालक गटांतील प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आणावेत. चिठ्ठीवर गाव लिहिले तरी चालेल. मुलाचे नाव लिहू नये.